पत्रा की हाड?

मंडळी, हवा भरताना सायकलच्या पंपाचं बूड तापतं ना? टर्बोचंही तसंच. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण दाबलेली हवा तापली की विरळ होते, जोर कमी पडतो. १९६२ च्या ओल्ड्समोबाईल जेटफायरमध्ये त्यावर पाणी-मिथेनॉल फवारत. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांतला इंटरकूलर पुढे मोटारींतही आला, वाऱ्यासाठी नाकाशी बसला. तिथवर नळ्या न्यायच्या तर कधी मधला पत्रा कापावा लागतो. पण १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डापासून मोटारीचा पत्राच सांगाडा होऊ लागला! म्हणून नातवाला एवढंच म्हटलं, "भोक पाड बाळा, पण आधी बघ, हा पत्रा अंगरखा आहे की हाड? आणि कापलेल्या कडेला रंग लाव, नाहीतर गंज खाईल."