केदार (स्पॅनिश क्रियापद)

केदार : ‘-आर’ गटातील नियमित क्रियापद. लॅटिन ‘क्विएतारे’ (शांत करणे) यापासून. लिहिताना दुसरे अक्षर ‘उ’चे असले तरी ते मूक आहे, नवशिके करतात तो ‘क्वेदार’ हा उच्चार चुकीचा.

मुख्य अर्थ उरणे. या अर्थी उरलेली वस्तू कर्ता असते, क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे चालते आणि ज्याच्यापाशी ती उरली त्याच्यासाठी ‘मे’, ‘ते’, ‘ले’ ही सर्वनामे येतात : ‘मे केदा उन एउरो’ (माझ्याकडे एक युरो उरलाय), ‘मे केदान दोस एउरोस’ (दोन युरो उरलेत). मराठी भाषकाला ही रचना ओळखीची आहे. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे गेले तरच ती अवघड वाटते. अपुऱ्या कामासाठीही हेच क्रियापद : ‘केदा मूचो पोर बेर’, म्हणजे बरंच बघायचं राहिलंय. ‘केदार एम्बारासादा’ (गरोदर होणे) शिकताना ‘दिवस राहणे’ आठवावे. मात्र ‘राहणे’ सरसकट चालत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी ‘बिबीर’, तात्पुरत्या मुक्कामासाठी ‘केदार्से’.

केदार्से : थांबणे. 2020 च्या करोना साथीत ‘केदाते एन कासा’ (घरीच थांब) ही घोषणा स्पॅनिश जगात सर्वतोमुखी झाली. पुढे ‘कोन’ आल्यास ठेवून घेणे. दुकानात वस्तू पसंत पडली की ‘मे केदो कोन एस्ते’ (हा घेतो) म्हणतात. स्पेनमध्ये ‘कोन’नंतर माणूस आला तर फिरकी घेणे असाही अर्थ होतो, तेव्हा जपून. विशेषणासह अवस्थांतर : ‘केदार्से सोर्दो’ (बहिरे होणे), लॅटिन अमेरिकेत येथे ‘से’ बहुधा गळतो.

ठरणे : ‘केदार एन’. बोलणे एकमेकांशी जुळेना, की ‘एन के केदामोस?’ (मग ठरलं काय?). ‘केदार कोन’, अमुक एकाशी भेट ठरवणे, हा वापर मुख्यतः स्पेनमधला.

स्थान : ‘दोन्दे केदा एल मेरकादो?’ (बाजार कुठे आहे?). माणूस कुठे आहे हे विचारताना मात्र ‘एस्तार’.

शोभणे : ‘ते केदा बिएन’ (तुला छान दिसतं).

पश्चिम स्पेनच्या काही भागांत सकर्मक वापरही आढळतो : ‘केदे लास याबेस एन कासा’ (किल्ल्या घरीच ठेवून आलो). प्रमाण लेखनात येथे ‘देहार’ वापरतात. बोलीत तो वापर जुना आहे; त्याला अशुद्ध म्हणावे की प्रादेशिक, हा दृष्टिकोनाचा प्रश्न.

संबंधित नामे : केदादा (ठरवून जमणे), तोके दे केदा (संचारबंदी).