वीज आली, लॉबस्टर गेला

पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा आणि महावितरणच्या देखभालीचा वार. एप्रिलमधला असा एखादा गुरुवार घरातल्या २०० लिटर खाऱ्या पाण्याच्या टँकवर कसा उलटू शकतो, त्याचा हा घटनाक्रम.

बुधवार, दुपार (२४ तास आधी)
मोबाइलवर मेसेज येतो : उद्या वीजपुरवठा बंद. ९ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे धुक्या-दवामुळे महापारेषणच्या वाहिन्या बंद पडल्या आणि पिंपरी-चिंचवड, चाकणची वीज गेली, तेव्हा अशी पूर्वसूचना मिळणं शक्यच नव्हतं. आज मिळाली आहे. ती वाचून लोक इन्व्हर्टर तपासतात. टँक त्याला जोडलेला नसतो.

रात्री ११ (१६ तास आधी)
कपारीत दडलेला रीफ लॉबस्टर कवच टाकतो. नवं कवच अजून मऊ आहे. या काळात त्याला प्राणवायू एरवीपेक्षा जास्त लागतो.

गुरुवार, सकाळी ७ (८ तास आधी)
रविवारची सुट्टी असलेला मालक चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये. पाणी २६ अंश, सगळं ठीक.

९.३० (साडेपाच तास आधी)
वीज जाते. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. टँकमधलं पाणी हलायचं थांबतं, हवा मिसळेनाशी होते. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा मुळातच सुमारे २० टक्के कमी मावतो. पाणी तापलं की आणखी कमी.

१२ (३ तास आधी)
मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून. निशाचर लॉबस्टर भरदुपारी कपार सोडून खडकावर चढतो. बॅटरीवरचा साधा हवेचा पंप आत्ता लावला तरी पुरे, पण घरी कोणी नाही.

१.३० (दीड तास आधी)
खरी गडबड टँकखालच्या फिल्टरच्या बंद डब्यात. पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंनी आतला प्राणवायू संपवला. अडकलेलं खाद्य आणि विष्ठा कुजते आहे, अमोनिया साठतो आहे. वर टँकमध्ये सगळे अजून जिवंत.

३.००
वीज येते. फिल्टर आपोआप सुरू होतो आणि डब्यातलं कुजकं पाणी थेट टँकमध्ये ओततो. समुद्री पाण्याचा सामू ८.२च्या आसपास, तिथे अमोनिया अधिक विषारी ठरतो. थोड्याच वेळात लॉबस्टर कुशीवर कलंडतो.

रात्री ८
मालक परततो. पंप चालू, दिवे चालू, बिघाड सापडत नाही. सकाळी निघताना फिल्टरचा प्लग काढला असता आणि रात्री डबा धुऊनच सुरू केला असता, तर दुपारचं हे विष डब्यातच राहिलं असतं.