सोन्याचा अंश आणि प्रकाशाचे शोषण : एक ऐतिहासिक टिपण

खनिजातील सोने शिशाबरोबर वितळवून, शिसे हाडांच्या राखेच्या मुशीत मुरवून, उरलेला मणी तोलणे ही धातुपरीक्षेची जुनी रीत होय. मणी तोलण्याइतका नसेल तेथे ती थांबते.

प्रकाशाचा मार्ग अज्ञात होता असे मात्र नाही. तप्त बाष्प ज्या तरंगलांबीचा प्रकाश फेकते तोच शोषते, हे किरखॉफ यांनी १८५९-६० मध्ये दाखविले. त्यातून सूर्यातील मूलद्रव्ये ओळखली गेली. मापनासाठी, पारा वगळता, हे तत्त्व दीर्घकाळ पडून राहिले. कारण व्यावहारिक होते : शोषणरेषा इतक्या अरुंद, की अखंड प्रकाशात त्या मोजणे साध्या उपकरणांना झेपत नव्हते.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांना १९५२ मध्ये उपाय सुचला; निबंध १९५५ मध्ये आला. सोने मोजायचे तर दिव्याचा पोकळ ऋणाग्रही सोन्याचाच! त्याची २४२.८ नॅनोमीटरची रेषा द्रावण फवारलेल्या ज्योतीतून जाते; प्रकाश किती घटला यावरून दशलक्षांश प्रमाणही कळते. प्रस्तुत लेखिकेच्या मते वॉल्श यांचे श्रेय नव्या तत्त्वात नसून या निवडीत आहे.

जुनी रीतही टिकली. मणी आता अनेकदा अम्लराजात विरघळवून याच उपकरणाने मोजतात.