कंपनी गेली, हिशेब राहिला : धाराशिवच्या मुलखाची गहाणकथा

१/ परंडा म्हटले की भुईकोट किल्ला आणि त्यावरील तोफा आठवतात. परंतु परंडा ज्या सरहद्दीच्या पट्ट्यात वसले आहे, तो धाराशिवचा मुलूख १८५३ ते १८६० अशी सात वर्षे एका व्यापारी कंपनीकडे कर्जापोटी लावून दिलेला होता. पुढे ती कंपनीच सत्तेवर उरली नाही. मग तिच्याकडून येणे असलेला पैसा मागायचा कोणाकडे?

२/ कर्जाचे मूळ होते ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेत. तिचा खर्च निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनी आपल्या तिजोरीतून तो भागवी आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडी. अशी थकबाकी वाढत गेली.

३/ २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या दबावाखाली निजाम नासिरुद्दौला यांनी करार केला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि अहमदनगर-सोलापूरला लागून असलेला धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. नळदुर्ग येथे मेडोज टेलर हा अधिकारी बसला. मालकी निजामाची, वसूल कंपनीच्या हाती.

४/ या करारात निजामाच्या हिताचे एक कलम होते. रेसिडेंटने दरवर्षी जमाखर्चाचा खरा हिशेब द्यावा आणि खर्च भागून उरलेला वाढावा निजामाला परत करावा. शिवाय दरबाराचा एक जुना दावा होताच : सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांतील अबकारीचे उत्पन्न कंपनीने अनेक वर्षे स्वतःकडे ठेवले होते. ते वळते केले असते, तर मुळातले कर्ज कितीसे उरले असते?

५/ १८५७ चा उठाव झाला आणि १८५८ च्या कायद्याने कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला. कंपनी नावापुरती १८७४ पर्यंत टिकली. मात्र त्याच कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या : कंपनीने केलेले तह राणीवर बंधनकारक राहतील आणि कंपनीची देणी हिंदुस्थानच्या महसुलातून फेडली जातील. म्हणजे पाटी बदलली, तरी देणे बुडाले नव्हते. निजामाच्या दाव्याला कायदेशीर वारस मिळाला होता.

६/ अडचण निराळीच होती. दावा ऐकणार कोण? देणेकरी आणि न्यायाधीश एकच! म्हणून २६ डिसेंबर १८६० रोजी जे झाले तो निवाडा नव्हता, तडजोड होती. सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर दुआब निजाम अफजलुद्दौला यांना परत मिळाले. परंतु वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले आणि निजामाने मागील, चालू व पुढील हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. वाढावा देण्याचे कलम कागदावर राहिले. पण खर्च किती करायचा, हे इंग्रजच ठरवणार होते.

७/ हिशेब पाहण्याचा हक्क गेला की वाढाव्याचा हक्क पोकळ होतो. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाडासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. यश आले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. उस्मान अली खान यांनी प्रश्न पुन्हा काढला, तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने कळवले की सार्वभौम ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही. १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. वऱ्हाडचा कारभार मात्र मिळाला नाही.

८/ या सगळ्या येण्यापैकी हाती लागला तो मुख्यतः जमिनीचा भाग, आणि त्यात धाराशिवचा पट्टा होता. त्याची किंमत म्हणून हिशेबाची वही मिटवावी लागली.

९/ या व्यवहारात ज्याचे नाव कुठेच नाही, तो म्हणजे सारा भरणारा रयत. धनी दोनदा बदलला. त्याने आधी निजामाला, मग कंपनीला, पुन्हा निजामाला वसूल दिला. वाढावा परत मिळाला असता, तरी तो हैदराबादच्या खजिन्यात गेला असता. नाव बदललेल्या धन्याकडून पैसा मागण्याचा हक्क राजाला निदान कागदावर तरी होता. रयतेला तो कागदही नव्हता.