‘दामिनी’ अ‍ॅपची सूचना वेळेवर मिळण्यासाठी मोबाईलमधील सेटिंग

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची माहिती देते. मात्र अ‍ॅप मोबाईलमध्ये असूनही अनेकदा सूचना वाजत नाही.

कारणे
अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद करून न हलवता ठेवलेला फोन बॅटरी वाचविण्यासाठी अ‍ॅपचे काम व इंटरनेट थांबवतो. बांधावर ठेवलेल्या फोनची हीच स्थिती असते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याहून कडक नियम असतात. तसेच अँड्रॉइड ११ व पुढील फोन काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपची लोकेशन परवानगी काढून घेतात. पावसाळ्यानंतर बंद राहिलेले अ‍ॅप एप्रिल-मेच्या वळीव पावसात म्हणूनच गप्प राहते.

काय करावे?
• सेटिंग्ज – अ‍ॅप्स – दामिनी – बॅटरी येथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडावे.
• शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘ऑटो लाँच’ सुरू करावे. सॅमसंगमध्ये ‘नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स’ यादीत अ‍ॅप घालावे.
• लोकेशनसाठी ‘अलाउ ऑल द टाइम’ पर्याय असल्यास तो निवडावा. नोटिफिकेशन सुरू असल्याची खात्री करावी.
• न वापरलेल्या अ‍ॅपची परवानगी काढण्याचा पर्याय बंद करावा.
• ‘फोर्स स्टॉप’ करू नये. त्यानंतर अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत सूचना येत नाही.
• बॅटरी सेव्हर व सायलेंट मोड बंद ठेवावा.

मेनूची नावे फोननुसार थोडी बदलतात. ही सूट मोजक्याच अ‍ॅपना द्यावी. सर्वांना दिल्यास बॅटरी लवकर उतरते. फोनचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर आणि हंगामापूर्वी सेटिंग पुन्हा तपासावी. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी एप्रिलमधील गावबैठकीत शेतकऱ्यांचे फोन तपासून द्यावेत.

महत्त्वाचे
रेंज नसल्यास कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही. गडगडाट ऐकू आल्यास सूचनेची वाट न पाहता काम थांबवावे व पक्क्या घरात जावे. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा पाण्यात थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.