दूध, औषध आणि मात्रा

बाळ दोन महिन्यांचे असताना आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या पत्नीस फुप्फुसाचा क्षय झाल्याचे निदान झाले. औषधे सुरू झाली आणि त्याच दिवशी घरातील वडील मंडळींनी निवाडा दिला : मूल अंगावर पाजावयाचे नाही; दुधातून रोग जाईल, औषधही जाईल. डॉक्टरांनी पाजण्यास परवानगी दिली होती. तरी मूल आजीच्या खोलीत रडत राहिले आणि आई भिंतीपलीकडे. ही भीती कोठून आली व तिच्यात तथ्य किती, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आईचे औषध दुधावाटे मुलास पोहोचते, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मुलांचे तीन वर्ग केले आहेत : केवळ दुधावरची, दूध व अन्न दोन्ही घेणारी, आणि अन्नावरची. पहिल्या दोन वर्गांतील मूल आजारी पडल्यास औषध धात्रीसही द्यावे, तिसऱ्यात मात्र केवळ मुलास, असा तेथे दंडक आहे. धात्रीचे दूध पाण्यात टाकून पारखण्याची रीतही त्याच ग्रंथात सांगितली आहे. औषध दुधात उतरते, याची त्या वैद्यांना भीती वाटली नाही. त्यांनी त्याचा उपयोगच करून घेतला.

क्षयाच्या बाबतीत ताटातुटीचा विचार पुढे बळावला. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला आणि रोग संसर्गजन्य असल्याचे निर्विवाद ठरले. 1903 मध्ये फ्रान्समधील डॉक्टर ग्रांशे यांनी क्षयरोग्यांची निरोगी मुले खेड्यांतील कुटुंबांत ठेवणारी संस्था स्थापन केली. प्रभावी औषध नव्हते तोवर या कठोरपणास आधार होता. खोकणाऱ्या आईच्या श्वासावाटे तान्ह्या मुलास रोग होण्याचे भय खरेच होते. तथापि ते भय हवेचे होते, दुधाचे नव्हे. लोकांच्या मनात मात्र दोहोंची गल्लत झाली.

1952 साली आयसोनियाझिड हे औषध उपयोगात आले आणि चित्र पालटले. 1956 मध्ये मद्रास येथे क्षयावरील औषधोपचारांचे संशोधनकेंद्र निघाले. तेथे गरीब वस्त्यांतील रोग्यांचे दोन गट करण्यात आले : एकावर आरोग्यधामात, दुसऱ्यावर घरीच, तीच औषधे देऊन वर्षभर उपचार झाले. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या उपचारांचे फळ जवळजवळ तितकेच चांगले होते. घरातील माणसांवर पाच वर्षे लक्ष ठेवले असता, रोगी घरी राहिल्यामुळे त्यांच्यात क्षय वाढल्याचेही आढळले नाही. हा प्रयोग दुधासंबंधी नव्हता, हे खरे. परंतु नियमित औषध घेणाऱ्या रोग्यास घराबाहेर काढण्याचे कारण त्याने उरू दिले नाही.

उरला प्रश्न औषधाचा. क्षयाची नेहमीची औषधे दुधात उतरतात, पण इतक्या अल्प मात्रेत की मुलास सहसा अपाय होत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा मातेस पाजणे चालू ठेवण्यास सांगते. येथे सुश्रुताच्या मार्गाची मर्यादाही दिसते : ही अल्प मात्रा मुलाचे रक्षण करण्यासही पुरत नाही. त्यामुळे मुलाची तपासणी करून त्याच्या वजनाप्रमाणे प्रतिबंधक औषध त्यास वेगळे द्यावे लागते, आणि थुंकीत जंतू असेतोवर आईने तोंड व नाक झाकून पाजावे लागते. सर्वच औषधांची गोष्ट अशी नसते. कर्करोगावरील अनेक औषधे चालू असता पाजणे थांबवावे लागते. तेव्हा औषध कोणते व मात्रा किती, हे डॉक्टरांस विचारावे, शेजाऱ्यांस नव्हे.

सहकाऱ्याच्या घरी अखेर आजीबाई स्वतः दवाखान्यात गेल्या व सर्व विचारून आल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी सुनेच्या तोंडाला स्वच्छ पट्टी बांधली आणि मूल तिच्या मांडीवर ठेवले.