घरचें पाप आणि कचेरींतलें पाप : अमेरिकेंतील १८८४ ची निवडणूक

पुढाऱ्याचें चारित्र्य शुद्ध असावें, याविषयीं मतदारांत सहसा दुमत नसतें. दुमत होतें तें चारित्र्य कशाला म्हणावें या ठिकाणीं. घरांतील वर्तन पाहावयाचें कीं कचेरींतील? दोन्ही पाहावयाचीं म्हटलें, तर अधिक जड कोणतें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १८८४ सालीं हा प्रश्न लक्षावधि मतदारांपुढें इतक्या उघड्या स्वरूपांत उभा राहिला कीं, तसा प्रसंग इतिहासांत क्वचितच सांपडावा.

त्या वर्षीं अध्यक्षपदासाठीं दोन प्रमुख उमेदवार होते. रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन हे मेन संस्थानचे. सहा वर्षें ते प्रतिनिधिगृहाचे सभापति होते आणि त्यांचें वक्तृत्व ऐकावयास लोकांची झुंबड उडे. परंतु सभापति असतांना लिटल रॉक व फोर्ट स्मिथ रेल्वेला एका निर्णयानें हात दिला आणि मागाहून तिचे रोखे खपवून दलाली मिळविली, असा त्यांच्यावर आरोप होता. मलिगन नांवाच्या हिशेबनिसापाशीं त्यांचीं पत्रें होतीं. १८७६ सालीं ब्लेन यांनीं तीं त्याच्याकडून हस्तगत केलीं, सभागृहांत आपणच निवडक उतारे वाचून दाखविले आणि तेवढ्यापुरती सुटका करून घेतली. १८८४ त आणखी पत्रें छापून आलीं. त्यांतील एकावर तें जाळून टाकण्याची सूचना होती! अशी सूचना करणाऱ्याविषयीं काय समजावयाचें, हें बाजारांतल्या साध्या मनुष्यालाहि सांगावें लागत नाहीं.

डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलंड हे प्रथम बफलो शहराचे मेयर व नंतर न्यूयॉर्क संस्थानचे गव्हर्नर झाले. वक्ते बेताचे, पण सार्वजनिक पैशाच्या बाबतींत फार कडक. स्वतःच्याच पक्षांतील टॅमनी हॉल या बलाढ्य गटालाहि त्यांनीं भीक घातली नाहीं. अशा मनुष्यासंबंधीं २१ जुलै १८८४ रोजीं बफलोच्या एका वृत्तपत्रानें प्रसिद्ध केलें कीं, या अविवाहित गृहस्थाला मारिया हाल्पिन नांवाच्या विधवेपासून मुलगा झालेला आहे. घाबरलेल्या मित्रांनीं काय करावें म्हणून विचारलें, तेव्हां क्लीव्हलंड यांनीं तारेनें कळविलें : खरें तें सांगा.

या उत्तराचा परिणाम मोठा झाला. ब्लेन यांना विटून रिपब्लिकन पक्षांतील कांहीं विद्वान मंडळी आधींच क्लीव्हलंड यांच्याकडे वळली होती. लोक त्यांना थट्टेनें ‘मगवंप’ म्हणत. कार्ल शुर्झ, मार्क ट्वेन हे त्यांतलेच. त्यांच्यापैकीं एकाचा युक्तिवाद असा सांगतात कीं, जो कचेरींत निष्कलंक आहे त्याला कचेरींत पाठवावें आणि जो घरीं निष्कलंक आहे त्याला घरीं पाठवावें. युक्तिवाद चतुर खरा. मला तो जरा अधिकच चतुर वाटतो.

कारण, श्रोतेहो, सत्य सांगितलें गेलें तें कितपत? तें मूल आईपासून काढून अनाथालयांत ठेवण्यांत आलें होतें. आईला वेड्यांच्या इस्पितळांत नेलें. तेथून ती लौकरच सुटली. निवडणुकीच्या ऐन तोंडावर तिच्या नांवाचें एक प्रतिज्ञापत्र प्रसिद्ध झालें आणि त्यांत बळजबरीचा स्पष्ट आरोप होता. जो तो आपापल्या उमेदवाराच्या हिशेबांत गुंतलेला. त्या आरोपाचा नीट शोध कोणीं घेतला नाहीं. अलीकडच्या अभ्यासकांनीं तें प्रकरण पुन्हां उकरून काढलें आहे. क्लीव्हलंड यांच्या प्रांजळपणाची वाहवा झाली. त्याची किंमत जिनें भरली तिला मत नव्हतें. कोणत्याच स्त्रीला अध्यक्ष निवडण्याचा हक्क तेव्हां नव्हता. लिंगभेदावरून मत नाकारूं नये असा राज्यघटनेंतील दंडक १९२० सालचा. आपल्या आनंदीबाई जोशी त्या वर्षीं फिलाडेल्फियांत वैद्यक शिकत होत्या. तेथें स्त्रीला डॉक्टर होतां येत होतें, मतदार होतां येत नव्हतें.

आतां निकाल. ४ नोव्हेंबरला मतदान झालें आणि सर्व भिस्त न्यूयॉर्कच्या ३६ निर्वाचकांवर येऊन पडली. त्या संस्थानांत ११ लक्षांहून अधिक मतें पडलीं, आणि क्लीव्हलंड यांचें मताधिक्य होतें सुमारें अकराशें! मगवंप म्हणाले, हा शुद्ध कारभाराचा विजय. पण २९ ऑक्टोबरला ब्लेन यांच्या देखत बर्चर्ड नांवाच्या पाद्र्यानें कॅथॉलिकांना झोंबेल असें भाषण केलें होतें, आणि ब्लेन यांनीं तेथल्या तेथें त्याचा निषेध केला नव्हता. न्यूयॉर्कमधील आयरिश मतदार त्यामुळें बिथरले. त्याच रात्रीं ब्लेन धनाढ्यांच्या मेजवानीला बसले आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें व्यंगचित्र वृत्तपत्रांत झळकलें. दारूबंदीवाल्यांच्या उमेदवारानें सुमारें पंचवीस हजार मतें नेलीं, तीं निराळींच. अकराशें मतांचें श्रेय यांपैकीं कोणालाहि घेतां येईल. नीतीला तें एकटीला देणें इतिहासाला धरून होणार नाहीं.

बहुसंख्य मतदारांनीं काय केलें? पूर्वीं ज्या पक्षाला मत देत, त्यालाच दिलें. आणि विरुद्ध पक्षाच्या उमेदवाराचें पाप तें मोठें, अशी मनाची समजूत घातली. रिपब्लिकनांना घरचें पाप अक्षम्य वाटलें, डेमोक्रॅटांना कचेरींतलें. उमेदवारांचीं पापें अदलाबदल झालीं असतीं, तर मतदारांचीं मतेंहि अदलाबदल झालीं असतीं काय? मला वाटतें, फारशीं नाहीं. नीतिशास्त्र तेवढें बदललें असतें. तरुण थिओडोर रूझवेल्ट ब्लेन यांच्या उमेदवारीविरुद्ध झगडले होते. तेहि शेवटीं पक्षाबरोबरच राहिले.

१८८८ सालीं मुख्य वाद जकातीचा होता. क्लीव्हलंड यांना देशभरांत मतें अधिक पडूनहि न्यूयॉर्क गेलें, आणि त्याबरोबर अध्यक्षपदहि. १८९२ त तें त्यांना परत मिळालें. मधल्या कालांत हॅरिसन अध्यक्ष होते. त्यांनीं आपला परराष्ट्रमंत्री म्हणून ज्यांना नेमलें, ते जेम्स ब्लेन.